अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी आता "वैयक्तिक माहिती"? माहिती अधिकार, सरकारी गुप्तता आणि आपला खासगीपणा

दुधनाकाठ (धागा सुरू करणारा)

मंडळी, जरा लांबलचक लिहायलोय पण शेवटपर्यंत वाचा, कारण हे उद्या तुमच्याबी तालुक्यात होणार आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं काय झालं ते सांगायची गरज नाही. सोयाबीन उभ्या रानात सडलं, नदीकाठच्या जमिनी खरवडून गेल्या, मग पंचनामे, याद्या, ई-केवायसी आणि अनुदान. आमच्या गावात ज्यांच्या रानात पाण्याचा थेंब थांबला नाही त्यांच्या खात्यावर पैसे पडले आणि ज्याचं रान नदीला लागून आहे त्याचं नाव यादीत नाही, असं सगळं गाव बोलतंय. बोलण्यावर काही सिद्ध होत नसतं म्हणून मी माहिती अधिकारात रीतसर अर्ज टाकला, जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मागितलं एवढंच की आमच्या गावची अनुदानाची यादी द्या, नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, मंजूर रक्कम, आणि पंचनाम्याच्या प्रती. उत्तर आलं दोन ओळींचं. मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(जे) नुसार देता येत नाही. विषय संपला.

आता हे कलम आधी काय होतं ते बघा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात लिहिलेलं होतं की ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी काही संबंध नाही, किंवा जी दिल्यानं एखाद्याच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसल्यासारखं होईल, ती देऊ नये, पण जनहित मोठं असेल तर अधिकारी ती देऊ शकतो. आणि पुढं अशीबी ओळ होती की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याच माणसाला नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) नं हे सगळं काढलं आणि नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच ठेवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते लागू झालं आणि आमच्या साहेबांनी ते लगेच वापरलं.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारचा पैसा ज्याच्या नावावर निघाला त्याचं नाव आणि रक्कम ही गावाची माहिती आहे. आमच्याच जालना जिल्ह्यात अनुदानाचा एवढा मोठा घोटाळा उघड झाला, बोगस नावं घालून पैसे उचलले गेले, तलाठी निलंबित झाले. नावंच झाकली तर बोगस नाव ओळखायचं कुणी? गट नंबर अमुकमध्ये पाणी शिरलं का नाही हे मुंबईतल्या ऑडिटरला कळत नाही, शेजारच्या रानातल्या माणसाला कळतं. माझंबी नाव त्या यादीत आहे, खुशाल चावडीवर लावा.

---

गंगाखेडी

एकदम बरोबर. सातबारा कुणीबी कुणाचाबी ऑनलाइन बघतो, जमीन किती, वारस कोण, बँकेचा बोजा किती, सगळं दिसतंय. मग अनुदानाची रक्कमच तेवढी खासगी कामून?

---

सजेवरचा

मी स्वतः महसूलमध्ये आहे, कुठं ते सांगत नाही. दुधनाकाठ दादा, तुमची मागणी मला योग्य वाटते, यादी द्यायला पाहिजे होती. पण आमची बाजूबी ऐका.

आमच्याकडं येणारे सगळे अर्ज असे नसतात. एक जण दर महिन्याला येतो, अमुक कर्मचाऱ्याचं सर्व्हिस बुक द्या, वैद्यकीय रजेची सर्टिफिकेटं द्या, बायकोच्या नावावर काय आहे ते द्या. माहिती घेऊन कुठं तक्रार करत नाही, सरळ त्या माणसाला फोन लावतो, भेटायला या म्हणतो. तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे ह्याचा धंदा. एका सहकारी बाईंच्या प्रसूती रजेचे कागद मागितले होते, त्यात दवाखान्याचे सगळे तपशील. ते कामून द्यायचे? सुप्रीम कोर्टानंच २०१२ ला गिरीश देशपांडे प्रकरणात सांगितलं की कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, त्याची मालमत्ता, आयकराचं विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती, मोठं जनहित दाखवल्याशिवाय द्यायची नाही. आम्ही त्याच आधारावर चालत होतो.

आणि खरं सांगू का, नवीन दुरुस्तीनंतर खालच्या माणसाला भीती वाटते. यादी दिली आणि कुणी म्हणलं माझा डेटा फोडला तर माझ्यावर येणार. नाही दिली तर फार तर अपील होईल. मग माणूस कुठला रस्ता धरतो ते तुम्हीच सांगा.

---

दुधनाकाठ

सजेवरचा भाऊ, प्रसूती रजेचे कागद देऊच नये, त्यात वाद नाही. पण ते जुन्या कलमातबी नाकारता येत होते ना? दवाखान्याच्या तपशिलाचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, त्यामुळं तो अर्ज तेव्हाबी फेटाळता येत होता. मग जनहिताचा भागच कलमातनं काढायची काय गरज होती, हा माझा प्रश्न आहे. त्या ब्लॅकमेलरला थांबवायचं म्हणून माझी यादी बंद झाली.

---

मांजराकाठची

मी आशा कार्यकर्तींबरोबर बरीच वर्षं काम केलंय, बीड-लातूर भागात. मला दुधनाकाठ दादांचा राग समजतो, पण "खुशाल चावडीवर लावा" हे वाचून मला राहवेना, म्हणून लिहिते.

तुम्ही अतिवृष्टीची यादी डोळ्यासमोर धरून बोलताय. मी तुम्हाला दुसरी यादी सांगते. संजय गांधी निराधार अनुदान योजना. सरकारचाच पैसा, दर महिन्याला मिळणारा, बोगस लाभार्थी त्यातबी आहेत. आता त्या यादीत एक रकाना असतो प्रवर्गाचा. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजार. दुर्धर आजारात क्षयरोग येतो, कर्करोग येतो, कुष्ठरोग येतो, एड्स येतो. ती यादी जशीच्या तशी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावली तर त्या बाईचं काय होतं हे मी बघितलंय. नळावर तिला कुणी भांड्याला हात लावू देत नव्हतं. मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं. तिनं सरकारकडं हात पसरला म्हणून तिनं आपलं दुखणं सगळ्या गावाला सांगायला पाहिजे का?

दुसरं, शेतकरी आत्महत्येची प्रकरणं. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं फाइल जाते, पात्र-अपात्र ठरतं, पात्र झालं तर १ लाख मिळतात. किती प्रकरणं अपात्र केली आणि कुठल्या कारणानं, हे लोकांसमोर यायलाच पाहिजे, तिथं फार अन्याय होतो. पण त्या फाइलीत काय काय असतं माहीत आहे का? शवविच्छेदनाचा अहवाल असतो, नवरा दारू पित होता का, घरात भांडणं होती का याचे जबाब असतात, सावकाराचं नाव असतं. ते कुणीही उठून मागायचं आणि व्हॉट्सअॅपवर टाकायचं? एका ठिकाणी विधवांची यादी मोबाइल नंबरासकट बाहेर पडली आणि त्या पोरींना रात्रीबेरात्री कर्जवाल्यांचे आणि कसल्या कसल्या लोकांचे फोन सुरू झाले. नंबर बदलावे लागले.

म्हणून खासगीपणा म्हणजे फक्त भ्रष्ट लोकांची लपायची जागा असं धरून चालू नका. गरीब बाईला तो साहेबापेक्षा जास्त लागतो, कारण तिची सगळी माहिती कुठल्या ना कुठल्या अर्जात सरकारकडं पडलेली आहे.

---

कयाधू

ताई, हा मुद्दा कुठल्याच चर्चेत ऐकला नव्हता. निराधारच्या यादीत प्रवर्ग लिहून लावतात हे आमच्याकडंही बघितलंय, कधी खटकलं नव्हतं.

---

खडकीकर

संभाजीनगरला वकिली करतो, माहिती अधिकाराची अपिलं बरीच चालवलीत. दोघांचंही म्हणणं कायद्यात बसतं, फक्त कलमं नीट वापरली पाहिजेत.

पहिलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी हे एकमतानं सांगितलं. माहितीचा हक्कही मूलभूतच, तो कलम १९(१)(अ) मधून येतो, १९७५ च्या राज नारायण खटल्यापासून कोर्ट हे सांगत आलंय. दोन मूलभूत हक्क समोरासमोर आले तर प्रत्येक प्रकरणात तोलून बघायचं असतं, एकाला कायमचं वर बसवायचं नसतं. २०१२ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा समितीनं खासगीपणाच्या कायद्याचा आराखडा दिला तेव्हाही माहिती अधिकाराला धक्का लागू नये असंच सुचवलं होतं. निवडणूक रोख्यांच्या खटल्यात सरकार देणगीदाराचा खासगीपणा पुढं करत होतं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टानं मतदाराच्या माहितीच्या हक्काच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे तोलायचं काम कोर्ट आजही करतंय. ८(१)(जे) मध्ये ते काम तालुक्यातल्या माहिती अधिकाऱ्याला करता येत होतं, तिथून ते काढलं हे वाईट झालं.

पण अजून दारं बंद नाहीत. दादा, अपिलात हे घाला:

कलम ४(१)(ब) मध्ये प्रत्येक कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी आहेत. त्यातली बारावी बाब अनुदान कार्यक्रमांची आहे, दिलेली रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील. म्हणजे तुमची यादी न मागताही जाहीर करायची असं कायद्यातच आहे. हे कलम कुणी बदललेलं नाही. जी गोष्ट स्वतःहून छापायची ती मागितल्यावर वैयक्तिक कशी होते हा प्रश्न लेखी विचारा.

मग कलम ८(२). माहिती झाकण्यातून जे जपलं जातं त्यापेक्षा जनहित मोठं असेल तर ८(१) मधली सूट असतानाही माहिती देता येते, शासकीय गुपिते कायदा १९२३ आड आला तरी देता येते. अडचण अशी की इथं निर्णय सार्वजनिक प्राधिकरणानं घ्यायचा आहे, आणि खालचा अधिकारी स्वतःच्या जबाबदारीवर तो घेत नाही. त्यामुळं जनहित काय ते तुम्हीच दोन-तीन वाक्यांत स्पष्ट लिहा. अर्ज करताना कारण द्यावं लागत नाही, कलम ६(२), पण इथं दिलेलं फायद्याचं.

आणि मांजराकाठची ताईंच्या मुद्द्यासाठी कलम १०. कागदातला झाकायचा भाग काळा करून उरलेला द्यायचा. प्रवर्ग, आधार, खाते क्रमांक, मोबाइल काढा, बाकी यादी द्या. हे कलम असताना सगळी यादीच नाकारणं चूक आहे. शिवाय नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणं माहिती अधिकाऱ्याची असते.

---

सजेवरचा

कलम १० कागदावर छान आहे वकीलसाहेब, पण एका माणसाकडं चार-चार गावं, त्यात शेकडो पानं काळी करत बसायची कुणी? एक्सेलमधी यादी असती तर रकाना उडवून प्रिंट काढता येते. स्कॅन केलेले पंचनामे असतात, तिथं खरी अडचण आहे. यादी बाहेर टाकायचा एक ठरलेला नमुना वरून आला तर आम्ही उद्यापासून देऊ. कुठले रकाने दाखवायचे आणि कुठले नाही हे शासनानं एका परिपत्रकात सांगावं, तलाठ्यावर सोडू नये.

---

मांजराकाठची

सजेवरचा दादांचं हे अगदी पटलं. आणि नाव न सांगता केवढी माहिती देता येते याचं उदाहरण आपल्या बीडचंच आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ ला गाजला, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, ८२,३०९ बायकांचा सर्व्हे झाला आणि त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. ते आकडे बाहेर आले म्हणून तर देशाला कळलं. त्यात एकाही बाईचं नाव छापायची गरज पडली नाही. पण मी विचारते, कुठल्या दवाखान्यात किती शस्त्रक्रिया झाल्या, कुठल्या डॉक्टरनं केल्या, ते तर उघडं पाहिजे ना? दवाखान्याचं नाव ही काही त्या बाईची वैयक्तिक माहिती नाही. झाकताना मात्र रुग्णाच्या नावाखाली दवाखानासुद्धा झाकला जातो, हा माझा अनुभव आहे. म्हणून मी पूर्ण उघडं करा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं नाही तशी नव्या दुरुस्तीच्याही बाजूनं नाही.

---

नळदुर्गकर

निवृत्त शिक्षक आहे. तुमची चर्चा वैयक्तिक माहितीवर चालली आहे, मी सरकारी गुप्ततेबद्दल थोडं लिहितो, कारण आपल्या मराठवाड्याला ती फार जवळून भोगावी लागली आहे.

१७ सप्टेंबर १९४८ आपण मुक्तिदिन म्हणून पाळतो. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, गावोगाव काय केलं ते आमच्या घरात मोठ्यांच्या तोंडून ऐकलं आणि पुढं मुलांना शिकवलंही. पण पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाविरुद्धच्या भारतीय लष्करी कारवाईच्या, वेळी आणि नंतर मुसलमान वस्त्यांमध्ये जे घडलं त्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, हे मला निवृत्तीनंतर कळलं. समितीनं अंदाज दिला २७ हजार ते ४० हजार माणसं मेल्याचा आणि सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्यातले उस्मानाबाद आणि नांदेड तर आपलेच. तो अहवाल सरकारनं प्रसिद्ध केला नाही. २०१३ मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो लोकांना बघायला मिळाला. साठ वर्षांहून जास्त.

तेव्हा नवा देश होता, आग पुन्हा भडकेल ही भीती खरी होती, हे मी समजू शकतो. काही काळ झाकणं मला मान्य आहे. पण ज्यांची माणसं गेली ती पिढी काही न कळता, कुणी विचारपूस न करता संपली. किती दिवस झाकायचं आणि ते कुणी ठरवायचं याला काही मर्यादा नको का? आताच्या कायद्यात कलम ८(३) प्रमाणं २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती बहुतेक सवलती बाजूला ठेवून द्यावी लागते, पण देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व हे कारण २० वर्षांनंतरही राहतंच. असा कागद आजही त्या कारणाखाली अडवता येईल.

---

गंगाखेडी

सर, आमच्या घरात दोन्ही बाजूंच्या गोष्टी आहेत. लिहिल्याबद्दल आभार.

---

अभ्यासिका लातूर

मी स्पर्धा परीक्षेवाला. आमच्यासाठी हा विषय जिवाचा आहे. भरती झाली, माझ्यापेक्षा कमी अभ्यास असलेला लागला असं वाटतंय, मग त्याचे मार्क बघायचे का नाही? मुंबई उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की सार्वजनिक भरतीत दुसऱ्या उमेदवारांचे मार्क देणं म्हणजे खासगीपणावर घाला नाही, उलट नाही दिले तर संशय वाढतो. पण तो निकाल जुन्या कलमावरचा आहे. नवीन कलमात मार्क पण वैयक्तिक माहिती म्हणून नाकारले तर आम्ही कुठं जायचं, परत हायकोर्टात? खोलीचं भाडं भरून मेसचे पैसे उरत नाहीत इथं. @खडकीकर सर तुमचं मत सांगा प्लीज

---

खडकीकर

निकालातलं तत्त्व ८(२) च्या जनहिताला लावता येतं, म्हणून अर्जात तो निकाल जोडा. आणि फक्त मार्क, प्रवर्ग आणि निवड झाली का एवढंच मागा. त्या मुलाचा पत्ता, जन्मतारीख, फोन मागू नका, तिथंच अर्ज अडकतो.

---

कयाधू

एक गोष्ट कुणी काढलीच नाही. अर्ज करणाऱ्याचा खासगीपणा.

आमच्याकडं सकाळी अर्ज दिला की संध्याकाळपर्यंत सरपंचाला नाव कळतंय. मी सिंचन विहिरींची मस्टर (मजुरांचे हजेरीपट) आणि एमबी (कामाचं मोजमाप पुस्तक) मागितली होती, दुसऱ्या दिवशी घरी माणसं आली, आईला म्हणले पोराला समजावून सांगा. माझं नाव, पत्ता, नंबर त्या अर्जावर होता, तो कुणी दिला? ती माझी वैयक्तिक माहिती नव्हती का? तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा २०१० मध्ये खून झाला तेव्हापासून आपण हेच बोलतोय. कलकत्ता हायकोर्टानं २०१३ ला सांगितलंय की अर्जदाराला घरचा पत्ता द्यायची सक्ती नको, पोस्ट बॉक्स नंबर चालतो. पण आमच्या गावच्या पोस्टात पोस्ट बॉक्स कुठला. मी आता मावशीच्या गावच्या पत्त्यावर पत्रं मागवतो.

आणि तिकडं सरकारचं बघा. त्याच डेटा कायद्यात कलम १७(२) नं सरकार आपल्या संस्थांना सुरक्षा, सार्वभौमत्व अशा कारणानं पूर्ण सूट देऊ शकेल अशी सोय आहे. अनुदान, योजना द्यायच्या तर आपली माहिती वापरायला बऱ्याच ठिकाणी वेगळी संमती लागणार नाही. आधार दिला, फार्मर आयडी काढला, अंगठा दिला, फोटो दिला. आपलं सगळं त्यांच्याकडं उघडं आहे आणि आपण यादी मागितली की वैयक्तिक म्हणायलेत. खासगीपणाचा कायदा सरकारच्या नजरेपासून आपल्याला वाचवायला पाहिजे होता, इथं तो सरकारलाच आपल्या नजरेपासून वाचवायलाय.

---

सजेवरचा

कयाधू भाऊ, तुमचं नाव ज्यानं फोडलं त्यानं गुन्हाच केला माझ्या मते. आवक रजिस्टर चार जण बघतात, त्यातूनच जातं. अर्ज ऑनलाइन करता येत असेल तिथं ऑनलाइन करा.

आणि सगळ्यांसाठी एक, जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, नगरपालिका-झेडपीतबी, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइली बघायला देण्याचं नोव्हेंबर २०१८ चं शासनाचं परिपत्रक आहे. फार कमी लोक येतात. सोमवारी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्जाच्या आधी एकदा बसून फाइल बघा, मग नेमकी पानं मागता येतात, पान २ रुपये.

---

दुधनाकाठ

सगळ्यांचं वाचलं. नळदुर्गकर सर, तुमचं दोनदा वाचलं.

मी प्रथम अपील करायलोय, जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत अजून आहे. मागणी अशी लिहिली आहे: गावनिहाय अनुदान यादी, त्यात खातेदाराचं नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम. आधार, खाते क्रमांक, मोबाइल नंबर आणि जातीचा उल्लेख असल्यास तो कलम १० नुसार वगळावा. कायद्याचा आधार म्हणून कलम ४(१)(ब) ची बारावी बाब, ८(२) आणि १९(५). जनहित म्हणून लिहिलंय की जिल्ह्यात याच अनुदानात बोगस नावांवरून कारवाई झालेली आहे आणि नावाशिवाय पडताळणी करता येत नाही.

मांजराकाठची ताई, निराधारच्या यादीबद्दल तुम्ही लिहिलंय ते मनात बसलंय, त्यामुळं विचारतो. अतिवृष्टीच्या यादीत असं काही राहिलंय का जे बाहेर गेलं तर कुणाला त्रास होईल?

---

मांजराकाठची

दादा, नाव, क्षेत्र आणि रक्कम यावर माझी काही हरकत नाही, मागाच. एक सुचवते. ज्या बायकांचं नाव नवऱ्याच्या आत्महत्येनंतर वारस म्हणून लागलंय त्यांच्या ओळीत कधी कधी शेऱ्याच्या रकान्यात "आत्महत्याग्रस्त" असं लिहिलेलं असतं. शेऱ्याचा रकाना मागू नका.

---

खडकीकर

शेऱ्याच्या रकान्यातच "सामाईक क्षेत्र", "दुबार नाव", "पंचनामा फेर" अशा नोंदी असतात, बोगस नावं त्यावरूनच सापडतात. पूर्ण रकाना सोडला तर दादांचं अर्धं काम तिथंच थांबेल. "मृत्यू, आजार वा कौटुंबिक परिस्थितीचा उल्लेख वगळून शेरा" असं लिहा.

---

मांजराकाठची

वगळणार कोण, तर तोच माणूस ज्याला बोगस नोंदी लपवायच्या आहेत. मला तरी दोन्हीकडून भीती वाटते. पण लिहा तसंच, आणि यादी हातात आली की ग्रुपवर टाकायच्या आधी एकदा मला दाखवा.

---

दुधनाकाठ

दाखवतो ताई. सोमवारी फाइल बघायला चाललोय, शेऱ्यात खरंच काय लिहिलंय ते आधी डोळ्यानं बघतो आणि मग अपिलातली ती ओळ पक्की करतो. परतूर-सेलू भागातलं कुणी बरोबर येणार असेल तर मेसेज करा, दोघं असलेलं बरं.